दिवाळीची देवघेव: घरात अडगळ न वाढवता सणाचा मान कसा राखावा

भाऊबीज उलटून आठवडा झाला की मध्यमवर्गीय मराठी घरातील कपाटाच्या वरच्या खणात एक नवा थर चढलेला असतो. सुकामेव्याचा मखमली अस्तराचा रिकामा खोका, घरात आधीच दोन असताना आलेला काचेच्या वाट्यांचा तिसरा संच, खांद्यात न बसणारा कुर्ता, उघडण्यापूर्वीच ‘कोणाला तरी देता येईल’ म्हणून बाजूला ठेवलेली सुगंधी मेणबत्त्यांची पेटी. यांतील एकही वस्तू कोणी वाईट मनाने दिलेली नसते. ती घाईत, रीत म्हणून आणि समोरच्याला काय हवे आहे हे न विचारता दिलेली असते. सणातील कचऱ्याविषयीच्या सूचना बहुधा वेष्टनाच्या कागदापासून सुरू होतात. प्रत्यक्षात मोठा कचरा कागदाचा नसतो, नको असलेल्या वस्तूचा असतो, आणि दुकानात पैसे मोजले जातात तेव्हाच तो ठरून गेलेला असतो. म्हणून या लेखाचा बराचसा भाग खरेदीच्या आधी घरात करावयाच्या बोलण्याविषयी आहे, आणि कागदाचा विषय बराच पुढे, थोडक्यात येईल.

पितृपंधरवड्यात घराची झडती

भाद्रपदाच्या वद्य पक्षात बहुतेक घरांत नवी खरेदी टाळली जाते. घरात काय आहे ते पाहण्यासाठी याहून सोयीचा काळ नाही, कारण बाजार अद्याप खुणावत नसतो आणि नवरात्राची साफसफाई पुढे करायचीच असते. गेल्या वर्षभरात आलेल्या भेटवस्तू एकदा जमिनीवर मांडाव्यात. त्यांतील ज्या वापरात आल्या त्यांचा विचार करण्याचे कारण नाही. ज्या वेष्टनातच राहिल्या त्या का राहिल्या, एवढे मात्र पाहावे. कारणे थोडीच निघतात: तीच वस्तू आधी होती, माप चुकले, घरात जागा नव्हती किंवा ती वस्तू कोणालाही न आवडणारी होती. आपल्याकडे आलेल्या भेटींचे जे झाले, तेच आपण दिलेल्या भेटींचे इतरांच्या घरी झाले असण्याची शक्यता दाट आहे, आणि ही जाणीव कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक उपयोगी पडते.

याच वेळी एक वही घालावी. लग्नकार्यात आहेर लिहून ठेवण्यासाठी वही असते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती वही बहुधा ‘त्यांनी किती दिले’ एवढ्याच हिशेबापुरती राहते. दिवाळीच्या वहीत किमतीपेक्षा माणसांविषयीच्या नोंदी असाव्यात. मोठ्या दिरांना मधुमेह आहे, म्हणून मिठाई नको. मावसबहिणीने नोकरीसाठी गाव बदलले असून ती एका खोलीत राहते, म्हणून भांडी नकोत. भाच्याच्या शर्टाचे माप कोणते, आत्याला सुती साडीच लागते की नाही, कोणाच्या घरी कोणाकडून काय आले. शेवटची नोंद विशेष महत्त्वाची आहे, कारण आलेली वस्तू पुढे देताना ती मूळ देणाऱ्याच्याच हाती परत पडण्याचा प्रसंग तिच्यामुळे टळतो.

कोजागरीचे बोलणे

कोजागरी पौर्णिमेला आटीव दुधाच्या निमित्ताने कुटुंब एकत्र जमते आणि तेथून लक्ष्मीपूजनाची अमावास्या पंधरवड्यावर असते. खरेदीला सुरुवात झालेली नसते, पण मनात याद्या तयार होऊ लागलेल्या असतात. विषय काढायचा तो याच वेळी. धनत्रयोदशीला काढलेला विषय उशिराचा ठरतो, कारण तोवर निम्म्या वस्तू घरी येऊन पडलेल्या असतात आणि ‘आता आणलेच आहे तर’ हे उत्तर मिळते.

विषय कोणी काढावा, यावर तो स्वीकारला जाईल की नाही हे पुष्कळदा अवलंबून असते. सुनेने सासरी ‘यंदा साड्यांची देवघेव नको’ असे म्हटले तर तो कंजूषपणा किंवा माहेरच्यांची बाजू राखणे ठरण्याचा धोका असतो. तेच वाक्य सासूबाईंनी किंवा घरातील थोरल्या मुलाने उच्चारले की तो समजूतदारपणा ठरतो. हे न्याय्य नाही, पण असे घडते. म्हणून प्रस्ताव अशा व्यक्तीकडून यावा, जिचा खर्च आजवर सर्वांत अधिक होत आला आहे किंवा जिच्या वयाचा मान सर्व जण ठेवतात. धाकट्यांनी आधी तिच्याशी एकट्याने बोलावे. ‘आई, तुझ्याकडे गेल्या तीन दिवाळ्यांच्या साड्या घडीसुद्धा न मोडता पडून आहेत, यंदा आम्ही सगळ्यांनी मिळून तुझ्या गुडघ्यांसाठी चांगली उंच खुर्ची घेतली तर चालेल का?’ असा नेमका प्रश्न विचारला की नकार मिळणे कठीण असते. ‘पर्यावरणासाठी भेटवस्तू बंद करू या’ असे मोघम विधान केले तर वाद पर्यावरणावर होतो आणि साड्या येतच राहतात.

व्याह्यांच्या घराशी बोलताना आणखी सांभाळावे लागते. तेथे ‘नको’ हा शब्द मानपानाशी जोडला जातो. विहीणबाईंना ‘तुम्ही काही आणू नका’ असे सांगण्यापेक्षा ‘तुमच्या हातचे अनारसे आमच्याकडे सर्वांना आवडतात, यंदा तेवढेच आणा, बाकी काही नको’ असे सांगितले तर मान राहतो, मागणी स्पष्ट होते आणि काचेच्या संचाची शक्यता मावळते. काहीच न मागणे हा भिडेचा भाग असला, तरी त्यामुळे समोरच्याला अंदाजाने खरेदी करावी लागते.

बोलणे झाल्यावर ठरलेले लेखी असावे. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर चार ओळी पुरेत: ‘यंदा मोठ्या माणसांनी एकमेकांना वस्तू द्यायच्या नाहीत असे सर्वांनी ठरवले आहे. लहान मुलांना सर्वांकडून मिळून एकच भेट दिली जाईल. फराळाची वाटणी खाली दिली आहे. ओवाळणी नेहमीप्रमाणे.’ शेवटची दोन वाक्ये मुद्दाम आहेत. काय बंद होणार हे सांगताना काय चालू राहणार हेही सांगितले, म्हणजे रीत मोडल्याची हळहळ वाटत नाही.

ज्या कुटुंबाला मोठ्यांच्या भेटी पूर्णपणे थांबवायच्या नसतील, त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात. आठ प्रौढ माणसांनी एकमेकांना भेटी द्यायच्या म्हटल्या तर 56 वस्तू घेतल्या जातात. प्रत्येकाने एकच चिठ्ठी उचलून एकाच व्यक्तीला भेट द्यायची ठरवले तर आठ. खर्चाची वरची मर्यादा आधी ठरवावी, पती-पत्नींनी एकमेकांची चिठ्ठी उचलू नये आणि ज्याचे नाव आले त्याला ‘तुम्हाला काय हवे’ असे सरळ विचारण्यास मुभा असावी. अचानक मिळण्याचा आनंद थोडा कमी होतो हे खरे. पण नावडत्या वस्तूकडे पाहून हसण्याचा प्रयत्न करावा लागत नाही.

पाडवा आणि भाऊबीज

चिठ्ठ्यांची पद्धत या दोन दिवसांना लावू नये. पाडव्याला पत्नी पतीला ओवाळते आणि भाऊबीजेला बहीण भावाला. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी असते आणि ओवाळणी त्याच तबकात पडते. एवढा विधी पुरेसा आहे. ओवाळणी खोक्यातून यावी, तिला चमकीचा कागद असावा किंवा तिच्याबरोबर आणखी एखादी वस्तू असावी, असे त्यात कोठेही नाही. म्हणून रोख ओवाळणीकडे रुक्ष म्हणून पाहण्याचे कारण नाही. ती सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी कचरा करणारी भेट आहे. नाणे चिकटवलेले जाड सोनेरी पाकीटसुद्धा आवश्यक नाही, नोट सरळ तबकात ठेवता येते. भाऊ परगावी असेल तर हल्ली ओवाळणी मोबाइलवरून पाठवली जाते. त्यासोबत वस्तूचे पार्सलही पाठवण्याचा आग्रह सोडावा.

अनेक घरांत अलीकडे बहीणही भावाला आणि भावजयीला ‘परतीची भेट’ देऊ लागली आहे, आणि ती पाहून भाऊ पुढच्या वर्षी भाचरांसाठी आणखी काही आणतो. या चढाओढीला कोणीतरी एकदा थांबवावे लागते. माझ्या मते ओवाळणी एकाच बाजूने जावी आणि बहिणीने दिलेले जेवण हीच परतीची भेट मानावी. जेथे भाऊ तीन-चार आणि बहिणी दोन आहेत, तेथे भावांनी रक्कम एकत्र करून प्रत्येक बहिणीला तिला खरोखर लागणारी एकच गोष्ट द्यावी: शिलाईयंत्राची दुरुस्ती, चष्म्याचा खर्च, मुलीच्या शिकवणीचे शुल्क किंवा आई-वडिलांना घेऊन कुलदैवताला जाण्याचा प्रवास. चुलत, मामे, आते आणि मावस भावंडांचा गोतावळा मोठा असेल तर सर्वांनी एकाच घरी जमून एकत्र ओवाळण्याची पद्धत बऱ्याच कुटुंबांत आहे. तेथे प्रत्येकी ठराविक छोटी रक्कम ठरवून टाकली म्हणजे कोणाला कमी, कोणाला जास्त हा प्रश्न उरत नाही.

सगळे असलेल्या माणसाला काय द्यावे, हा प्रश्न भाऊबीजेला हमखास पडतो. त्याचे एक उत्तर पुण्याजवळच्या हिंगण्यात फार पूर्वी मिळाले आहे. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये सुरू केलेल्या अनाथ बालिकाश्रमातून वाढलेल्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेसाठी ‘भाऊबीज’ म्हणून निधी गोळा करण्याची परंपरा आहे, आणि अनेक घरांत ही रक्कम दरवर्षी ठेवणीतली असते. बहिणीच्या नावाने अशी भाऊबीज पाठवायची असेल तर तिला आधी विचारावे. तिच्या वाट्याची ओवाळणी परस्पर दान करून टाकणे हे औदार्य दुसऱ्याच्या खिशातले ठरते.

दिवाळसण हे प्रकरण वेगळे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मुलगी-जावयाला बोलावून काहीतरी ‘भरघोस’ देण्याची इच्छा मुलीच्या माहेरच्या मंडळींना असते, आणि नेमके त्याच वर्षी त्या जोडप्याचे घर लग्नातील आहेराने आधीच भरलेले असते. दिवाळसणापूर्वी त्या दोघांकडून एक यादी घ्यावी आणि त्या यादीत ‘काय नको’ हा रकानाही असावा. एखादे पितळेचे किंवा तांब्याचे भांडे द्यायचेच असेल तर नवे घेण्यापूर्वी माळा पाहावा. आजीचे पितळी पातेले कल्हई लावून, घासून-पुसून दिले तर त्याला दुकानातील कोणतीही वस्तू तोलामोलाची ठरत नाही. जुन्या मऊ सुती साड्यांची गोधडी शिवून घेणे ही अशीच एक भेट आहे. ती पहिल्या बाळासाठी उपयोगी पडते, आणि गावोगावच्या महिला बचत गटांकडून ती शिवून मिळते. मात्र दिवाळीपूर्वी हवी असेल तर साड्या गणेशोत्सवानंतर लगेच द्याव्यात, कारण हाताने शिवायच्या गोधडीला वेळ लागतो.

मुलांसाठी

येथे लांबण लावण्याचे कारण नाही, कारण मुलांच्या बाबतीत चूक एकच असते: सहा मामा-काका-आत्यांकडून सहा खेळणी येतात, पहिल्या दिवशी सहाही उघडली जातात आणि आठवड्याभरात एकच उरते. सर्वांनी मिळून एकच चांगली वस्तू घ्यावी, उदाहरणार्थ सायकल, कॅरमचा पूर्ण आकाराचा बोर्ड किंवा दुर्बीण. बॅटरीवर चालणारी स्वस्त खेळणी टाळावीत. सेल संपला की त्यांचा जीव संपतो आणि दुरुस्ती कोणी करत नाही. दिवाळीतील किल्ल्यासाठी मातीचे मावळे आणि शिवरायांची मूर्ती एकदा चांगली घेतली तर ती वर्षानुवर्षे पेटीत जपून ठेवता येते, आणि दरवर्षी त्यात दोन-चार मावळ्यांची भर घालणे हीच भेट होऊ शकते. प्लास्टरच्या मूर्तींपेक्षा भाजलेल्या मातीच्या घ्याव्यात. किल्ल्याची माती सण संपल्यावर कुंड्यांत जाते.

वाचणाऱ्या मुलांना आणि मोठ्यांनाही दिवाळी अंक द्यावेत. 1909 पासून चालत आलेली ही परंपरा भेटीसाठी इतकी सोयीची आहे की तिचा पुरेसा उपयोग होत नाही याचेच आश्चर्य वाटते. चार घरांनी चार वेगवेगळे अंक घ्यावेत आणि मार्गशीर्षापर्यंत ते एकमेकांत फिरवावेत. अनेक ग्रंथालये दिवाळी अंकांसाठी वेगळी वाचन योजना चालवतात. आजोबांच्या नावाने तिची वर्गणी भरली तर घरात एकही कागद न वाढता त्यांना महिनेमहिने वाचन मिळते. नाटकाची तिकिटे किंवा दिवाळी पहाटेच्या मैफलीच्या प्रवेशिका हीदेखील वडीलधाऱ्यांसाठी उत्तम भेट आहे, परंतु त्यांच्याबरोबर जाणारा माणूसही त्या भेटीत धरावा. नुसती तिकिटे हातात ठेवली तर रिक्षा कोण बोलावणार, या विचारानेच ती वाया जातात.

फराळ

फराळात वस्तूंइतकाच अपव्यय होतो, फक्त तो पोटात किंवा ओल्या कचऱ्यात जात असल्यामुळे दिसत नाही. प्रत्येक घर चिवडा, चकली, शंकरपाळे, करंज्या, बेसनाचे आणि रव्याचे लाडू असे सगळे करते, आणि प्रत्येक घर तेच सगळे इतरांना वाटते. परिणामी आठ घरांचा चिवडा एका स्वयंपाकघरात जमतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत तो खवट होतो. नातेवाईक एका गावात असतील तर पदार्थ वाटून घ्यावेत. जिची भाजणी चांगली जमते तिने सर्वांसाठी चकल्या कराव्यात, जिच्याकडे अनारशाचे पीठ बसते तिने अनारसे, आणि ज्यांना करणे जमत नाही त्यांनी तेल, तूप, डाळ-साखर यांचा खर्च उचलावा. एकाच घाण्यात मोठे प्रमाण तळल्यामुळे तेल आणि गॅस दोन्ही वाचतात. शिवाय आपल्या पदार्थाची स्तुती होण्याची संधी प्रत्येकीला मिळते, जी सर्व जणी सर्व करतात तेव्हा मिळत नाही.

पदार्थांचा टिकाऊपणा ध्यानात ठेवून पाठवणीचा क्रम लावावा. ओल्या नारळाच्या करंज्या आणि वड्या दोन दिवसांत संपणाऱ्या असतात, म्हणून त्या त्याच गावात आणि थोड्याच द्याव्यात. शंकरपाळे, कडबोळी, चिवडा आणि साजूक तुपातले बेसनाचे लाडू दूरच्या गावासाठी ठेवावेत. परदेशातील मुलांना येथून विमानाने फराळ पाठवण्याची हौस मोठी असते. पण चकल्यांचा चुरा, पाच थरांचे पॅकिंग आणि पदार्थाच्या किमतीहून जास्त होणारा वाहतूक खर्च पाहता, अमेरिकेत, इंग्लंडमध्ये किंवा आखाती देशांत फराळ करून विकणाऱ्या मराठी भगिनींकडे तेथल्या तेथे मागणी नोंदवणे अधिक शहाणपणाचे आहे. आईच्या हातचेच हवे असेल तर एकच पदार्थ पाठवावा. तिकडून येणाऱ्यांनाही आधी कळवावे की चॉकलेट आणि अत्तराच्या बाटल्या पुरेशा झाल्या आहेत. विमानाच्या बॅगेतील किलो मोजके असतात. त्यांत आजोबांना लागणारे एखादे उपकरण किंवा भाचीला हवे असलेले पुस्तक बसू शकते.

फराळ देण्याच्या भांड्यांबाबत मात्र नवे काही शोधण्याची गरज नाही. स्टीलच्या डब्यावर नाव घालून घेण्याची आपल्याकडील पद्धत ही परतीची उत्तम व्यवस्था होती आणि आहे. नाव असलेला डबा हरवत नाही, आणि रिकामा डबा परत करू नये या संकेतामुळे तो काही ना काही घेऊन परतही येतो. ताटावर क्रोशाचा विणलेला रुमाल घालून फराळ शेजारी नेला जात असे. आज सोसायट्यांमधून तोच फराळ प्लास्टिकच्या कप्प्यांच्या ट्रेमधून, वर पातळ फिल्म ताणून जातो. ताटे पुरेशी नसतील तर डबे दोन खेपांत फिरवावेत. फराळ एकाच संध्याकाळी सर्वत्र पोहोचलाच पाहिजे असे बंधन नाही.

मिठाई विकत घ्यायची असल्यास आपला डबा घेऊन जावे आणि तो रिकामा तोलून मगच भरून घ्यावा. मिठाईच्या वजनात खोक्याचे वजन धरणे नियमाला धरून नाही, आणि जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात हा फरक लक्षात येण्याजोगा असतो. सुट्या मिठाईपुढे ती केव्हापर्यंत खावी ही तारीख लिहिण्याचे बंधन अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 1 ऑक्टोबर 2020 पासून घातले होते. अशी तारीख लिहिलेली असेल तर ती पाहूनच प्रमाण ठरवावे. खव्याची मिठाई भेट म्हणून तीन घरे फिरते तोवर खाण्यायोग्य राहत नाही, हे लक्षात ठेवलेले बरे. मिठाईच्या खोक्यावर आणि निमंत्रणपत्रिकेवर गुंडाळल्या जाणाऱ्या चकचकीत प्लास्टिक फिल्मवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. दुकानदाराने तरीही ती गुंडाळली तर नको म्हणण्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

वेष्टन

जो चमकी कागद मुठीत चुरगाळून सोडल्यावर पुन्हा उलगडतो, तो कागद नसून बहुधा प्लास्टिकची फिल्म असते आणि रद्दीवाला ती घेत नाही. चुरगाळल्यावर तसाच राहणारा साधा कागद रद्दीत जातो. वेष्टन हवेच असेल तर वर्तमानपत्राची पुरवणी, उलटलेल्या महिन्याचे कॅलेंडरचे पान किंवा घरातील जुने कापड वापरावे. कापडात बांधून ठेवणे आपल्याला नवे नाही: पोथ्या कापडात बांधल्या जात आणि पेशवे दफ्तरातील मोडी कागद तर ‘रुमाला’तच बांधलेले असत. मात्र भेट गुंडाळण्यासाठी नव्या कापडी पिशव्या विकत आणू नयेत. कापसाला पाणी लागते, रंगाला रसायने लागतात, आणि प्रत्येक घरात अशा पंधरा-वीस पिशव्या दारामागे लटकतच असतात.

आलेल्या वस्तू पुढे देणे

आलेली भेट पुढे देण्याला लाजण्याचे कारण नाही. ओटीचे ब्लाउजपीस पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. त्यांची तक्रार वेगळी आहे: ते फिरतात, पण कोणीच शिवत नाही, कारण कापड कमी पडते किंवा रंग कोणत्याच साडीला जुळत नाही. ओटीसाठी खण द्यायचाच असेल तर पूर्ण एक मीटर सुती कापड द्यावे. ज्यांना ते परवडत नसेल त्यांनी नारळ आणि तांदळाने ओटी भरावी, तीत उणे काही राहत नाही.

वस्तू पुढे देताना ती न वापरलेली असावी, खाण्याची असल्यास तिची मुदत पाहावी, आतील चिठ्ठी काढली आहे याची खात्री करावी आणि ती त्याच गोतावळ्यात देऊ नये. आपल्याला नको म्हणून घरकाम करणाऱ्या मावशींना द्यायचे, ही सवय मात्र सोडावी. त्यांच्या घरातही जागा मोजकीच असते. त्यांना दिवाळीला बोनस वेळेवर आणि पूर्ण द्यावा, आणि वस्तू द्यायची असेल तर त्यांना विचारून द्यावी. कार्यालयातून मिळणारे सुकामेव्याचे खोके हा आणखी एक ओघ. तेथे खरेदीचा निर्णय घेणाऱ्यांना गणेशोत्सवाच्या आसपास लेखी सुचवले तर खोक्याऐवजी खरेदीचे कूपन किंवा रोख रक्कम देण्याचा विचार होऊ शकतो. खोके गोदामात पोहोचल्यावर काही होत नाही.

वापरलेल्या पण चांगल्या कपड्यांसाठी बोहारीण अजूनही अनेक वस्त्यांत येते आणि कपड्यांच्या बदल्यात भांडे देते. ते भांडे घेण्याची गरज नसेल तर कपडे तसेच द्यावेत, नाहीतर एक अडगळ देऊन दुसरी घेतल्यासारखे होते. पुण्यात 1993 मध्ये स्थापन झालेल्या कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायतीशी जोडलेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था जुन्या वस्तूंच्या संकलनाचे उपक्रम घेते. इतर शहरांत ‘गूंज’सारख्या संस्थांची संकलन केंद्रे आहेत. तेथे देण्यापूर्वी कपडे धुऊन, गुंड्या लावून द्यावेत. पुठ्ठ्याचे खोके चपटे करून रद्दीत घालावेत, मखमली अस्तर आणि प्लास्टिकचे कप्पे आधी वेगळे काढावेत. बंद पडलेल्या दिव्यांच्या माळा, सेल आणि जुने मोबाइल ओल्या-सुक्या कोणत्याच डब्यात टाकू नयेत; ई-कचऱ्याच्या 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार उपकरण बनवणाऱ्या कंपन्यांवरही त्याच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी आहे, म्हणून ते ई-कचरा संकलन केंद्रातच द्यावेत.

संक्रांतीचे वाण

दिवाळीत सावरलेले घर संक्रांतीला पुन्हा भरते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाच्या आमंत्रणांचा फेरा चालतो आणि प्रत्येक घरून एक वाण येते: चाळणी, साबणाची डबी, प्लास्टिकची बरणी, मोबाइल ठेवण्याचा स्टँड. डझनाच्या भावात घेतलेल्या या वस्तूंचा दर्जा त्या भावाइतकाच असतो. संक्रांतीच्या सुगडात काय असते ते पाहावे: उसाचे करवे, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गाजर, गव्हाच्या लोंब्या आणि तिळगूळ. हे सगळे हंगामातले आणि खाऊन संपणारे आहे, आणि वाणही तसेच निवडणे अवघड नाही. पाव किलो सेंद्रिय गूळ, घरी दळलेल्या हळदीची पुडी, कापसाच्या वाती, पॉलिश न केलेले तीळ, कढीपत्त्याचे रोप किंवा परसातली लिंबे. खर्च प्लास्टिकच्या बरणीइतकाच येतो.

हळदीकुंकवाला किती जणी येतील याचा अंदाज नेहमी जास्तीचा धरला जातो, कारण ऐनवेळी वाण कमी पडणे ही मोठी नामुष्की वाटते. संपणारी वस्तू निवडली तर उरलेले वाण स्वयंपाकघरातच वापरले जाते आणि ही भीतीही उरत नाही. वस्तूच द्यायची असेल तर सोसायटीतील पाच-सहा जणींनी मिळून एकाच दिवशी हळदीकुंकू करावे आणि एकच वाण लुटावे. त्या दिवशी प्रत्यक्ष किती जणी आल्या, हे दिवाळीच्याच वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वर्षीची खरेदी त्या आकड्यावरून करता येते.